महायुद्धातली आफ्रिका पोरांना कशी शिकवायची: एक खडू, पाच किलो तांदूळ आणि एक चुंबळ

तीन-चार वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात सहज विचारलं, महायुद्धात आफ्रिकेत काय झालं असेल रे, तर मागच्या बाकावरनं उत्तर आलं, "सर, तिथं सिंह असत्यात." सगळा वर्ग हसला, मी पण हसलो, आणि संध्याकाळी गाडीवरनं घरी जाताना डोक्यात आलं की हेच कुणी मला विचारलं असतं तर मी तरी काय सांगितलं असतं? जर्मन सेनापती रोमेल, रणगाडे, वाळवंट, संपलं. त्यात पण आफ्रिका म्हणजे नुसतं मैदान, खेळणारे सगळे बाहेरचे. मी इतिहासाचा मास्तर, आणि माझं उत्तर त्या पोराच्या उत्तरापेक्षा फार काही पुढं नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी तीन तास आणि एक शनिवारची सकाळ मी यासाठी काढतो. पोर्शनचं टेन्शन मला पण आहे, पण एवढा वेळ निघतो. खाली जे लिहितोय ते सगळं करून बघितलेलं आहे, जे फसलं ते पण सांगतो.

सुरुवात "आफ्रिकेकडे जगाने दुर्लक्ष केले" अशी करू नका. पोरं हुशार असतात, सर आता कीव करायला लावणार हे त्यांना लगेच कळतं आणि मान डोलवून मोकळी होतात. सुरुवात गावातल्या पाटीपासून करा. आपल्या सातारा जिल्ह्यात कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत नाहीतर देवळाजवळ एक जुनी पाटी बसवलेली दिसते, १९१४ ते १९१९ च्या युद्धाला या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. येताजाता आपण ती बघतो पण वाचत नाही. आपशिंगे मिलिटरी तर सगळ्यांना माहितीच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. पोरांना पाटी वहीत उतरवून आणायला सांगा, जशी आहे तशी. दुसऱ्या दिवशी एवढंच विचारा: यात नाव कुणाचं आहे?

थोडा वेळ कुणी बोलत नाही. पाटीवर नुसता आकडा असतो.

मग सांगा की इराकात बसऱ्याला मोठं स्मारक आहे, ४० हजारांवर मेलेल्यांचं, त्यात आपले मराठा पलटणीतले पण आहेत, आणि ते उभारताना अधिकाऱ्यांची नावं कोरली पण साध्या हिंदी शिपायांची नुसती पलटण आणि संख्या टाकली. आणि इथून आफ्रिकेत उतरा, कारण तिथं बऱ्याच जणांच्या वाट्याला तो आकडा पण आला नाही. ज्यांच्याकडे या युद्धातल्या कबरी-स्मारकांचं काम आहे त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की कमीत कमी १ लाख १६ हजार माणसांची, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं नोंदच केली नाही किंवा अजिबातच केली नाही, आणि त्यातले बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तचे. हे आकडे फळ्यावर लिहा आणि पुसू नका, तास संपेपर्यंत राहू द्यात.

नकाशाचं काम दहा मिनिटांत उरका. वर्गाच्या फरशीवर नाहीतर व्हरांड्यात खडूनं आफ्रिका काढा, वाकडी आली तरी चालतंय. त्यात भारत किती वेळा बसेल विचारा. पोरं दोन म्हणतात, तीन म्हणतात, आणि उत्तर नऊ आहे. एकदा ते ऐकलं की "आफ्रिका देश" म्हणायची सवय आपोआप सुटते.

आता मेन गोष्ट, ओझं. यावर मी पूर्ण तास देतो आणि तुम्ही पण द्या, बाकी काही नाही जमलं तरी हे करा.

पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजचं टांझानिया, केनिया आणि आजूबाजूचा मुलूख, जर्मन आणि इंग्रज चार वर्षं एकमेकांच्या मागं फिरत होते. रेल्वे एखाद-दुसरी, रस्ते नाहीत, आणि त्सेत्से नावाची एक माशी असती तिकडं, तिच्या चाव्यानं घोडं, बैल, खेचर काहीच टिकत नाही. पोरं लगेच विचारतात, "मग सर, सामान कशावरनं न्यायचे?" तुम्ही उत्तर देऊ नका. थांबा. कुणीतरी म्हणतंच, माणसांवरनं.

इंग्रजांच्या बाजूनंच तिकडं सुमारे १० लाख आफ्रिकन माणसं ओझी वाहायला लावली, बरीचशी जबरदस्तीनं गावातनं पकडून, आणि त्यातली ९५ हजारांवर मेली. गोळीनं नाही, जास्त करून हगवण, मलेरिया आणि उपासमारीनं.

पण हा आकडा ऐकून पोरांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, मोठ्या आकड्यांचं तसंच असतं. म्हणून गणित घाला. धरा की एका माणसाच्या डोक्यावर २५ किलो पीठ आहे. तो स्वतः रोज १ किलो खातो. फौज १० दिवसांच्या वाटेवर आहे. जाताना १० किलो संपलं, परत यायला १० लागणार, मग फौजेला मिळालं किती? ५ किलो. आता फौज अजून दोनच दिवस पुढं सरकली, १२ दिवसांची वाट झाली. १२ जाताना, १२ येताना, हातात उरला १ किलो. म्हणजे २५ किलो घेऊन निघालेला माणूस २४ दिवस चालून एका शिपायाचं एका दिवसाचं पीठ पोचवतो. आता हजार शिपाई धरा, त्यांना रोज हजार किलो पायजे. फौज १० दिवसांवर असताना एका वेळी वाटेवर ४ हजार ओझेवाले लागतात, १२ दिवसांवर गेली की २४ हजार. मध्ये टप्प्याटप्प्यावर कोठारं लावायचे, त्यामुळं हा आकडा बराच कमी व्हायचा, पण ओझं शेवटी कुणाच्यातरी डोक्यावरनंच जायचं. आणि हे नुसतं पीठ झालं, गोळ्या, तंबू, साहेबाचा कॅम्पातला पलंग वेगळा.

हे गणित पोरांना स्वतःला सोडवू द्या, गणिताच्या सरांना बोलवा पायजे तर. ४ हजारावरनं २४ हजारावर आकडा उडतो ना, तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो मला दरवर्षी ऐकायचा असतो. माझ्याकडे एक मुलगी म्हणाली, "सर, वारीत दिंडीच्या मागं ट्रक नसता तर असंच झालं असतं." बरोबर आहे. लोणंद, फलटणची पोरं असतील तर वारीपासूनच सुरू करा, एका दिंडीला किती टँकर, किती गॅस, किती भाकरी लागतात ते त्यांना घरचं माहिती असतं.

आता फसलेलं सांगतो. पहिल्या वर्षी मी अतिशहाणपणा करून दुकानातनं २५ किलोचा तांदळाचा कट्टाच आणला आणि पोरांना एकेक करून डोक्यावर घेऊन व्हरांड्यात चालायला लावलं. एकाची मान लचकली. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत, आणि तिनं मला जे सुनावलं त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. तर कट्टा नको. पाच किलोचं गाठोडं करा, दहा मिनिटं मैदानाला चक्कर, आणि पाचाचे पंचवीस कागदावरच करा. ज्याला नको त्याला लावू नका.

त्याच खेळात एक गोष्ट झाली जी मी ठरवून कधी घडवू शकलो नसतो. एक पोरगा आहे, वर्गात तोंड उघडत नाही, वडील मार्केट यार्डात हमाल. बाकीची पोरं गाठोडं दोन्ही हातांनी धरून वाकडी-तिकडी चाललेली, यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, पिळला, गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि हात सोडून सरळ चालत गेला. परत येऊन म्हणाला, "मान ताठ ठेवायची आन बघायचं लांब, पायाखाली न्हाई." पुढचा अर्धा तास तोच शिकवत होता आणि मी बाकावर बसलेलो. तुमच्या वर्गात पण असं कुणीतरी असणार, नाहीतर पोरांच्या आया, आज्या आहेतच, हंडा त्यांनीच वाहिलाय. त्यांना बोलवा.

हमाल या शब्दावरनंच पुढचा तुकडा घ्या, पाच मिनिटांचा आहे पण पोरांना जाम आवडतो. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली चालते. तिच्यात हमालाला हमाली म्हणतात, दुकानाला दुका, गाडीला गारी, हिशोबाला हेसाबु, पुस्तकाला किताबु, पेनला कलामु, बातमीला हबारी, आणि चहा-चपातीला चाय-चपाती. काही शब्द अरबीतनं दोन्हीकडं आले, काही आपल्याकडनं समुद्रावरनं तिकडं गेले. पोरांना आधी नुसते शब्द द्या आणि अर्थ ओळखायला लावा. मग शेवटी एक अवघड द्या: कारियाको. दार-ए-सलाममधल्या मोठ्या बाजाराचं नाव आहे हे, नैरोबीत पण करिओकोर आहे. कुणाला येत नाही. इंग्रजीत ओझेवाल्यांच्या पथकाला कॅरियर कोअर म्हणायचे, त्यांचे तळ जिथं पडायचे तिथलं नाव लोकांच्या तोंडात घासून घासून कारियाको झालं. आपल्याकडं कॅम्प, सदर बझार अशी नावं पडली तसंच.

टांगाची लढाई सांगायला विसरू नका, नाहीतर पोरांना वाटतं सगळं रडगाणंच आहे. नोव्हेंबर १९१४, भारतातनं आठेक हजारांची फौज बोटीनं आजच्या टांझानियातल्या टांगा बंदरावर उतरवली, समोर जर्मनांकडे हजारभर, बहुतेक अस्करी, म्हणजे तिथलेच आफ्रिकन शिपाई. आणि त्या आठ हजारांना मार खाऊन परत बोटीत बसावं लागलं. मध्येच झाडांवरची मोहोळं गोळीबारानं उठली आणि दोन्हीकडच्यांना फोडून काढलं. महाबळेश्वर, जावळीकडची पोरं असतील तर आग्या मोहोळ उठलं की काय होतं ते त्यांनाच सांगू द्यात. यातनं अजून एक गोष्ट निघते, की तिथं लढणारे एकमेकांचे कोण लागत होते? इकडचा शेतकऱ्याचा पोरगा, तिकडचा शेतकऱ्याचा पोरगा, भांडण लंडन-बर्लिनचं. तो जर्मन सेनापती, लेटोव्ह-फोर्बेक, शेवटी २५ नोव्हेंबर १९१८ ला शरण आला. पोरांना ११ नोव्हेंबर ही तारीख माहिती असती, मग हे १४ दिवस कुठनं आले ते त्यांनाच शोधायला लावा.

शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा अजिंक्यतारा, साताऱ्याचा किल्ला. पालकांची परवानगी लेखी घ्या, आणि प्रत्येकाला पाण्याची एकच बाटली, पण ती स्वतः पिण्यासाठी नाही, वर पोचवायची. वर बसून केरेनची लढाई सांगायची. १९४१, एरिट्रिया, इटलीचा ताबा. उंच सुळके, मधनं एक चिंचोळी घळ, तिच्यातला रस्ता इटालियनांनी उडवून बंद केलेला, आणि वरनं मारा. फेब्रुवारी ते २७ मार्चपर्यंत ती लढाई चालली. चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन होती, त्यात आपली मराठा लाइट इन्फंट्री. डोलोगोरोडॉक नावाच्या किल्ल्याच्या वाटेवर पिनॅकल म्हणून सुळका होता, तो तिसऱ्या मराठा बटालियननं मार्चमध्ये रात्रीचा चढून घेतला. पाण्याचा थेंब आणि गोळ्यांची पेटी खालनं पाठीवरच आणायची, लढणाऱ्यातलीच माणसं त्याला लावावी लागायची. हातात ती न प्यायलेली बाटली घेऊन पोरं हे ऐकतात तेव्हा जास्त समजवावं लागत नाही. पण इथं एक सांभाळा, आपल्या पलटणीचं कौतुक करता करता आफ्रिका परत मैदान होऊन बसते, माझं पहिल्या वर्षी तेच झालं. म्हणून लगेच सांगा की समोरनं इटलीसाठी लढणाऱ्यांत हजारो एरिट्रियन होते, आणि इंग्रजांच्या बाजूला सुदानी पण होते.

आणि वर बसल्या बसल्या विचारा, दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं? सगळे एका सुरात, १ सप्टेंबर १९३९. इथिओपियाच्या माणसाला विचारलं तर? तिथं इटलीनं ३ ऑक्टोबर १९३५ लाच हल्ला केलेला, विषारी वायू टाकलेला, आणि त्यांचा सम्राट हैले सेलासी ३० जून १९३६ ला जिनिव्हात राष्ट्रसंघापुढं उभा राहून मदत मागत होता, कुणी दिली नाही. तारीख कुणाच्या घरातनं बघताय त्यावर असते. पेपरात मात्र १ सप्टेंबर १९३९ च लिहा हे पण सांगून टाका, नाहीतर मार्क जातात आणि बोंब आपल्या नावानं.

तिसरा तास ब्रह्मदेशाचा. जपान्यांशी तिथं लढलेल्या फौजेत आपले होते हे कुणाच्यातरी पणजोबांमुळं माहिती असतं. पण त्याच फौजेत एक लाखाच्या आसपास आफ्रिकन सैनिक होते, नायजेरिया, गोल्ड कोस्ट म्हणजे आजचं घाना, सिएरा लिओन, गॅम्बिया, आणि पूर्वेकडनं केनिया, युगांडा, टांझानिया, मलावीचे. त्यांची ८१ वी पश्चिम आफ्रिकन डिव्हिजन १९४३ ला भारतात आली आणि ब्रह्मदेशातल्या कलादान नदीच्या खोऱ्यात जंगलातनं स्वतः जीपची वाट फोडत गेली, रसद विमानातनं पडायची आणि पुढं डोक्यावरनं. या डिव्हिजनचा बिल्ला काय होता, तर काळा कोळी. हा अनान्सी, घानाकडच्या गोष्टींतला, आपल्या गोष्टींतल्या कोल्ह्यासारखा, अंगानं बारका पण डोक्यानं सगळ्यांना पुरून उरणारा. पोरांना बिल्ला काढायला द्या.

आणि मग ८२ व्या डिव्हिजनचा बिल्ला दाखवा, मोबाईलवर दाखवला तरी चालतो, आधी काही सांगू नका. दोन भाले तिरपे, आणि ते एका गोल गोष्टीतनं आरपार गेलेले. हे गोल काय? वर्गातनं चक्र, अंगठी, टायर, काय काय आलं. तो हमालाचा पोरगा हळूच म्हणाला, "चुंबळ हाय ती." ओझेवाल्याच्या डोक्यावरची गुंडाळीच आहे ती.

इथनं घरी परत गेल्यावर या लोकांचं काय झालं तिकडं वळा, आणि हे सातारा-सांगलीच्या पोरांना वेगळं समजवायला लागत नाही. २८ फेब्रुवारी १९४८, गोल्ड कोस्टची राजधानी अक्रा. युद्धातनं परत आलेले माजी सैनिक पेन्शन आणि नोकरीचं निवेदन घेऊन गव्हर्नरकडं निघालेले, हातात शस्त्र नाही, पोलिसांनी गोळी घातली, तिघं मेले. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो, प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे. ही नावं फळ्यावर लिहाच, इतके तास आकडेच लिहिलेत. शहर पेटलं आणि नऊ वर्षांनी, ६ मार्च १९५७ ला, घाना स्वतंत्र झाला. आता शेजारी आपलं लिहा. याच युद्धाच्या काळात आपल्या या पट्ट्यात, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पण सातारा जिल्ह्यातच होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललेलं, १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली, आणि त्याच वेळी याच जिल्ह्यातली पोरं सरकारच्या फौजेत लढत होती. दोन्ही खरं. पोरांना विचारा, एकाच घरातले दोन भाऊ असे असले तर जेवताना काय बोलत असतील? यावर दोन-दोन पोरांचा संवाद बसवा, लय भारी करतात.

युरेनियमचं दोन वाक्यांत सांगून सोडा: हिरोशिमाच्या बॉम्बसाठीचं युरेनियम मोठ्या प्रमाणात बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतनं आलेलं. पोरांना बॉम्बमध्ये इतका इंटरेस्ट असतो की जास्त वेळ दिला तर तास तिकडंच जातो.

रंगावरनं कुणीतरी काहीतरी बोलणार, हे धरून चला. माझ्या वर्गात कोळ्याच्या बिल्ल्यावरनं एका सावळ्या मुलाला चिडवलं. मी ओरडलो नाही, मलिक अंबर कुठला होता विचारलं. निजामशाही, खडकी, गनिमी कावा सगळं सांगितलं पोरांनी, पण मूळचा इथिओपियाचा हे दोघांनाच माहिती. हबशी शब्द कुठनं आला तेही तिथंच आलं, तिकडच्या मुलखाचं जुनं नाव हबश. नाटक बसवलं तर तोंडाला काळं फासून कुणाला आफ्रिकन करू नका, गॅदरिंगला ही आयडिया हमखास येते, तिथंच नाही म्हणा.

प्रोजेक्टरवर चाळीस स्लाइड पण करू नका. मी केल्या, बाराव्या स्लाइडला लाइट गेली, आणि खरं सांगतो, कुणालाच वाईट वाटलं नाही.

गावातल्या माजी सैनिकांकडं नाहीतर त्यांच्या घरी पाठवताना प्रश्न आधी लिहून द्या, कारण पोरं पहिला प्रश्न "किती मारले?" असाच विचारतात. जेवण काय होतं, पाठीवर काय काय असायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, शेजारच्या तंबूत कुठले लोक होते, असं विचारायला लावा. जुन्या पेटीत पदकं निघतात. वाळूच्या रंगाची फीत, मध्ये लाल पट्टा, ते आफ्रिका स्टार. गडद निळी फीत, मध्ये लाल आणि बाजूला नारंगी, ते बर्मा स्टार. घासून चकचकीत करू नका म्हणून बजावून पाठवा, एकीनं पितांबरी लावली होती.

शेवटी नैरोबीतलं स्मारक. १९२८ च्या सुमाराचे पुतळे आहेत, अस्करी आणि ओझेवाला शेजारी शेजारी, आणि खाली लिहिलंय की ओझेवाले हे फौजेचे हात आणि पाय होते, आणि देशासाठी लढलात तर मेलात तरी तुमची मुलं तुमचं नाव आठवतील. हे वाचून दाखवा आणि विचारा, मग नावं कुठायत? स्मारकावर एकही नाव नाही. पहिल्या तासाला पाटी उतरवून आणलेली वही परत काढायला सांगा.

गृहपाठ एकच देतो, पाटीवरच्या आकड्यातली जेवढी नावं गावात विचारून मिळतील तेवढी आणा. कुणी आजीला विचारतं, कुणी तलाठ्याकडं जातं, कुणी भावकीत. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या गावची सात मिळाली. नंतर कळलं त्यातली दोन एकाच माणसाची, एकदा आडनावानं आणि एकदा तालमीतल्या टोपणनावानं. म्हणजे सहा. वही माझ्या कपाटात आहे, यंदाची नववी सातव्यापासून सुरू करेल.